शिवलेली कनात

दुसरा अंक रंगात आला होता. तेवढ्यात आमचा लाइटमन रहीम तंबूच्या मागून धावत दारावर माझ्याकडे आला. "साहेब, डिमर जळून राहिला," तो हळूच म्हणाला. "मागचा पडदा पेटला. मेन काढू?"

"थांब," मी म्हणालो.

डिमर म्हणजे दिवे मंद-प्रखर करायची पेटी. ती रंगमंचामागे होती. वीज तोडल्याशिवाय तिच्यावर पाणी मारता येत नव्हतं, आणि वीज तोडली तर आतल्या बायकांना दार दिसलं नसतं.

सत्तरच्या दशकात मी एका फिरत्या नाटक कंपनीचा मॅनेजर होतो. अभिनय सोडून बाकी सगळं माझ्याकडे: परवाने, तंबू, तिकिटं, मुक्काम, जेवण. डोंगरकडा या गावी बाजाराच्या दिवशी दुपारी फक्त बायकांसाठी प्रयोग लावला होता. गावातल्या कर्त्या माणसांची अट होती की नाटकवाले सोडून आत एकाही पुरुषाची नजर पडता कामा नये. म्हणून मी कनाती, म्हणजे तंबूच्या कापडी भिंती, सुतळीने पार खालपर्यंत शिवून घेतल्या. दार एकच ठेवलं, त्यालाही जाड पडदा. फुकट्यांना आत शिरू न देणारा तो चांगला मॅनेजर, असं आमच्या धंद्यात मानत. मला त्या शिलाईचा अभिमान वाटत होता.

बाहेरच्या पुरुषांना धूर दिसला आणि सगळे दाराकडे धावले. कुणाची आई आत होती, कुणाची बायको. आतून बायका बाहेर यायला बघत होत्या, बाहेरून हे आत घुसत होते. दार तुंबलं.

सगळ्यांत पुढे गोविंदराव होते. अट घालायला तेच आले होते. मी त्यांचा दंड धरला आणि सांगितलं, माणसं घेऊन बाजूला जा, कनात कापा.

ते जागीच थांबले. "काल तर तुमीच म्हणले, कनातीला हात लावला तर पोलिसात दीन म्हून."

"आज मीच सांगतोय. कापा."

माणसं तिकडे वळली तसं दार मोकळं झालं. बाजारात घेतलेले कोरे विळे कितीतरी जणांच्या हातात होते. सुतळी तुटली, कापड फाटलं, आत ऊन आलं. मग मी रहीमला हात केला. दिवे गेले, पण बायका उन्हाच्या दिशेने निघाल्या होत्या. आमचा राजा मुकुटासकट बादल्या ओतत होता.

अर्धा रंगमंच जळाला. जीव कुणाचा गेला नाही. पण रुखमा नावाची एक नवी सून दारात चेंगरली, तिचा हात मोडला. कंपनीच्या गाडीतून मी तिला हिंगोलीला दवाखान्यात नेलं. वाटेत तिची सासू एवढंच म्हणाली, "इतकं घट्ट काहून शिवलं, भाऊ? आमी काय पळून जानार होतो?"

मी गावाच्या अटीचं सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण दुसरं दार ठेवू नका, असं गाव म्हणालं नव्हतं. दुसऱ्या दारावर आणखी एक माणूस बसवावा लागला असता, म्हणून मीच ते ठेवलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही.

पुढे प्रत्येक मुक्कामाला मी चार दारं ठेवली. फुकटे वाढले, मालक चिडले, मी दारं कमी केली नाहीत.

पुढच्या वर्षी आम्ही परत डोंगरकड्याला गेलो. रुखमा नाटकाला आली होती. हात कोपरात वाकडा बसला होता. पुढे चांगल्या जागा रिकाम्या होत्या, पण ती दाराला लागून बसली.