पंचांपुढे ठेवलेलं पाणी

शलमोन आसाराम ख्रिस्ती मंडळीचे पाळक होऊन आले तेव्हा पिंगळीच्या टेसनावर उतरून, डोक्यावर ट्रंक घेऊन दोन कोस चालत गावात शिरले होते. त्याला आता बावीस वर्षं झाली. निजामी गेली, रझाकार गेले, हैद्राबाद राज्यही यंदा मोडणार असं लोक बोलत होते. पाळकसाहेबांचा कोट मात्र तोच होता. माणूस भला, वाणी गोड, आणि अन्यायाची चीड अशी की भर उपासनेत बोलता बोलता घसा बसायचा.

गावची विहीर सगळ्यांना खुली व्हावी म्हणून तर त्यांनी तहसिलीचे उंबरे झिजवले. शिवाशिवीविरुद्ध नवा कायदा आला तेव्हा त्याचा कागद स्वतः किशनराव पाटलांच्या हातात नेऊन दिला. पाटलांनी तो वाचला, घडी केली, चहाही पाजला, पण वेगळ्या कपबशीत. विहीर होती तशीच राहिली.

पण ही गोष्ट पाटलांच्या विहिरीची नाही. पाटलांना नावं ठेवणं सोपं, आणि पाळकसाहेबांनी ते सोपं काम बावीस वर्षं मन लावून केलं.

गावात ख्रिस्ती झालेली घरं चाळीसेक. तीस महारवाड्यातली, दहा मांगवाड्यातली. सगळ्यांचा बाप्तिस्मा एकाच ओढ्यात झाला, तरी जात काही त्या ओढ्यात वाहून गेली नाही. महारवाड्याची स्वतःची विहीर होती. तिथे मांगवाड्याने घागर लावायची नाही, हा जुना रिवाज. चर्चमध्ये प्रभुभोजनाला सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षरस घ्यायचा, तिथेही पुढे बसणाऱ्या महारवाड्यातल्या घरांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, एका प्याल्याला आम्ही तोंड लावणार नाही. पाळकसाहेब स्वतः महाराघरचे, वय तेव्हा तिशीच्या आतलं. मंडळी फुटेल या भीतीने त्यांनी दोन प्याले ठेवले, पुढच्यांना एक, मागच्यांना एक. तूर्त असू दे, पुढं बघू, असं मनाशी म्हणाले. ते 'पुढं' काही आलं नाही.

छप्पन सालच्या वैशाखात मांगवाड्याचा नदीच्या वाळूत खणलेला झिरा आटून तळाला हिरवं पाणी राहिलं, आणि वस्तीत पटकी सुरू झाली. गुरुवारी सकाळी मांगवाड्यातली कडूबाई पाळकसाहेबांच्या दारात येऊन उभी राहिली. म्हातारी विधवा, घरात एक सून दैवशाला, ती चार दिवसांची बाळंतीण.

"साहेब, झिऱ्याच्या पान्याला वास यायलाय. दोन लेकरं गेली वस्तीतली. माझी सून ओली बाळंतीण हाय. वरच्या म्हारवाड्याच्या हिरीची एक घागर मिळाली तर लय उपकार होतील."

"रविवारी पंचांपुढं ठेवतो, कडूबाई. उपासना झाली की पहिलं तेच. तवर पाणी उकळून पाजा तिला."

"उकळून बी वास जाईना." तिने पदर सावरला. "बरं. तुमी म्हनता तर रविवार."

हे पाळकसाहेबांच्या कामाचं वळणच होतं. चर्चचं कौल बदलायचं असो की पेटी वाजवणारा, पंचांपुढे ठेवल्याशिवाय काही हलायचं नाही. स्वतः एक घागर भरून नेली असती तर त्यांचा हात कुणी धरला नसता. हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि त्यांनी ते दाबलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार गुडघ्यावर बसून देवाजवळ मार्ग मागत राहिले, आणि मार्ग स्वयंपाकघरात घागरीच्या रूपाने उपडा पडून होता.

रविवारी मंडळीचे पंच बसले. मुख्य पंच माणिकराव, महारवाड्यातला उतारवयाचा सरळ माणूस. पाळकसाहेब कळवळून बोलले. माणिकरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, एक इचारू? राग न्हाई ना येनार?"

"बोला."

"देवाच्या घरात बावीस साल तुमी दोन प्याले ठिवले. आमाला वाटलं, शास्त्रातच तसं असंल. तुमी शिकलेले. मग देवाच्या मेजावर जे चालतंय, ते हिरीवर का चालू नये?"

माणिकराव टोमणा मारत नव्हते. ते खरंच विचारत होते, आणि त्यामुळेच प्रश्न पाळकसाहेबांच्या वर्मी लागला. काय शिकवलं आपण या लोकांना? पाटलाची कपबशी आणि आपला प्याला यांत फरक तो काय? पाटील निदान देवाचं नाव पुढे करत नव्हता. बावीस वर्षांची प्रवचनं त्यांना तोंडात माती आल्यागत वाटली. देवा, मला उचल, असं त्यांनी अगदी मनापासून मागितलं. पंचांनी ठरवलं, पुढच्या रविवारी पुन्हा बसू.

सोमवारी दिवस उगवताच पाळकसाहेबांनी घागर उचलली. विहिरीवरच्या बाया बाजूला झाल्या. भरली घागर खांद्यावर घेऊन ते मांगवाड्यात निघाले, पाणी हिंदकळून कोट भिजला. कडूबाईच्या दारात बाया बसलेल्या दिसल्या. आत दैवशालाच्या तोंडावरून लुगडं ओढलेलं होतं, आणि शेजारणीच्या मांडीवर बाळ रडत होतं.

"ठिवा तिथं," कडूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "रातभर पानी पानी केलं तिनं. मी म्हनलं, थांब गं, पंच बसलेत, सकाळी येतंय."

पाळकसाहेबांना प्रार्थनेचा एक शब्द आठवेना. त्यांनी घागर रांजणाशेजारी टेकवली.

तेवढ्यात माणिकराव आले. मागे त्यांच्या दोन सुना, डोक्यावर भरलेले हंडे. मयताच्या पाण्याला नाही म्हणू नये, हा गावात सगळ्यांचाच रिवाज. मयत कुणाचंही असो, आंघोळीचं पाणी न मागता पोचतं करायचं. सुनांनी हंडे वरूनच, काठाला शिवू न देता, कडूबाईच्या रांजणात रिते केले. माणिकरावांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला, त्यांचेही डोळे भरून आले होते.

"एवढं पुरंल का, साहेब?" ते हळूच म्हणाले. "लागलं तर सांगा. पान्याची कमी न्हाई. हीर भरलेली हाय."