ज्याच्याविषयी काही ऐकलं नाही

मुलीने कायदा, व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र हे तिन्ही विषय एकाच पदवीत शिकायला घेतले तेव्हा काकांनी कपाळावर हात मारला. "एक ना धड, भाराभर चिंध्या!" काका मनाचे चांगले, पण सल्ला फुकट मिळतो म्हणून घाऊक वाटणारे. तिचं नाव 'वकिलीणबाई' पाडलं तेही त्यांनीच.

तिचे बाबा किल्ल्या बनवायचे. ती शाळेत असताना एका दुपारी कुणाचं तरी अडकलेलं कुलूप उघडायला म्हणून गेले, ते गेलेच. पोलिसांत तक्रार झाली, दवाखाने पालथे घातले, पत्ता लागला नाही. मागे राहिलं ते त्यांचं खाकरणं. रोज तिन्हीसांजेला जिना चढून आले की बाबा दाराबाहेर खाकरायचे, आपण आलो हे आत कळावं म्हणून. जगाची कुलपं उघडणारा माणूस, पण स्वतःच्या घरात न सांगता शिरायचा नाही. ते गेल्यावरही खाकरणं यायचं थांबलं नाही. ते ऐकलं की आई चहाचं आधण ठेवायची. मुलगीही ऐकायची. मायलेकी त्याविषयी एकमेकींशी चकार शब्द काढायच्या नाहीत.

कॉलेजात अर्थशास्त्राचे सर म्हणाले, वाट पाहण्यालाही किंमत असते. व्यवस्थापनाच्या बाई म्हणाल्या, निर्णय न घेणं हाही निर्णयच. तिने ते निमूट लिहून घेतलं. अंगावर काटा आला तो कायद्याच्या तासाला. माणूस जिवंत असता तर ज्यांच्या कानावर आलं असतं, त्यांनी सात वर्षं त्याच्याविषयी काही ऐकलेलं नसेल, तर तो मेला असं धरतात. तो जिवंत आहे म्हणणाऱ्याने मग ते सिद्ध करायचं. वर्ग पुढच्या कलमाकडे गेला. ती 'ऐकलेलं' या शब्दापाशीच बसून राहिली.

सात वर्षं उलटून गेली तरी बाबांच्या नावावरचं दुकान बंद पडून गंजत होतं. त्यांच्या सहीवाचून ते उघडताही येईना, विकताही येईना. "वकिलीणबाई, बाबा गेले असं कोर्टाकडून ठरवून घ्यायचं आता तूच मनावर घे," काका म्हणाले.

आई भाजी निवडत होती. "मी शपथेवर खोटं बोलायची नाही. काही ऐकलं का म्हणून विचारलं, तर काय सांगू?"

"आई, ऐकणं म्हणजे खबर गं. फोन, निरोप. कानाने ऐकणं नव्हे."

"तुमच्या कायद्याला कान नसतात वाटतं," आई म्हणाली. मग भाजी बाजूला सारत, "तुला द्यायची तर तू दे साक्ष. मी अडवणार नाही."

मुलीला सुटायचं होतं, हे खरं. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर तिला कधी रेंगाळता आलं नाही, कारण घरी कुणीतरी येणार असायचं. आईलाही यातून सोडवायचं होतं. पण आपण तोंडाने म्हटलं आणि बाबा खरंच गेले तर, ही भीती तिला जेवू देईना.

कोर्टात गर्दी होती, पंखा कुरकुरत होता. वकिलाने विचारलं, "या सगळ्या काळात वडिलांविषयी तुम्ही काही ऐकलंत?"

"नाही," ती म्हणाली. कायद्याने उत्तर अगदी बरोबर होतं. ती मात्र तिथेच उभी राहिली, शेवटी काकांनी हाताला धरून खाली बसवलं.

त्या दिवशी तिन्हीसांज झाली. शेजारच्यांकडे दिवे लागले, खाली कुणीतरी स्कूटर लावली. आई ओट्यापाशी कान देऊन उभी होती. जिन्यावर काहीच वाजलं नाही. अंधार पडला तरी नाही. आईने रिकामं पातेलं उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं.

मुलीला ते बघवेना. ती दार ओढून बाहेर आली, जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि छातीतून आवाज काढत खाकरली.



"हे असं नव्हते गं खाकरत," आई आतून म्हणाली.