धनुबाईच्या हातचे मांडे

तापीकाठच्या त्या गावात लग्न ठरलं की मुलीकडचे ब्राह्मणाच्या आधी धनुबाईला विचारायचे, "धनुमाय, तू मोकळी शे ना त्या दिनले?" ती हो म्हणाली की मग मुहूर्त, मांडव आणि बाकीचं. मांडे काय, खानदेशातल्या प्रत्येक बाईला येतात, निदान प्रत्येकीला तसं वाटतं. पण धनुबाईचं काम निराळं होतं. पुरण भरलेला मऊ उंडा ती हातावर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर असा खेळवायची, की बघता बघता तो कोपरापर्यंत पसरायचा. मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायची. कुठे फाटायचा नाही, कुठे पुरण डोकवायचं नाही. शेजारी बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "हिना हातले हाडंच नहीत माय!"

आणि एक तिची खोड होती. नवरी सासरी निघाली की ही चुलीपुढून उठायची आणि पिठाच्या हातांनीच पोरीला कवेत घ्यायची. शालूवर पांढरे पंजे उमटायचे. वरमाया नाकं मुरडायच्या, पण ते डाग झटकणारी पोरगी गावानं पाहिली नाही.

पाच वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ लागली. सुरतच्या मोठ्या दवाखान्यात स्तन काढला. मग सलाइनी झाल्या, केस गेले, किरणांचा शेक झाला, आणि सगळं आटोपल्यावर एक बारीकशी गोळी मागे लागली. रोज एक, पाच वर्षं. धनुबाईनं डॉक्टरला एकच प्रश्न विचारला होता, "हातले काही व्हवाव नही ना?" डॉक्टर हसले होते. घरी आल्यावर तिनं नातीला, मुलाच्या म्हणजे अमृतच्या रुचिकाला, जवळ बसवून सांगितलं, "तुना लगनना मांडा मीच करसू. तवलोंग मी कोठेच जात नही." रुचिका तेव्हा अकरावीत होती. लग्नाचा विषय काढला म्हणून ती लाजण्याऐवजी चिडली होती.

नवरा दोधू पाटील. केळीच्या बागेत साप निघाला तर हातानं धरून बांधावर सोडणारा माणूस, पण दवाखान्याची पायरी चढायला तो भ्यायचा. त्याला कारण होतं. त्याची थोरली बहीण फुलवंताबाई हिलाही हाच आजार झाला होता. दोन वर्षं बरी होती, मग कंबर दुखायला लागली, फोटो काढला आणि डॉक्टर म्हणाले, हाडात उतरलं. त्या वर्षीचा कापूस वेचून व्हायच्या आत ती गेली. धुळ्याहून येताना एसटीत तो फोटो दोधूच्याच मांडीवर होता.

तरी बायकोचं त्यानं काही कमी केलं नाही. पहिल्या वर्षी दोनदा तिला सुरतेला नेलं. पुढे म्हणाला, "गाडीना हादरा तुले कसाले? मीच गोळ्या लई येसू." तो एकटाच फाइल काखेत मारून जायचा आणि गोळ्या घेऊन यायचा. तिला शेतात जाऊ द्यायचा नाही, उन्हात बसू द्यायचा नाही, पाण्याची कळशी हातातून काढून घ्यायचा. बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. धनुबाईलाही तसंच वाटायचं. चार वर्षं ती सावलीत, खाटेवर, लाडात बसून राहिली.

सांधे मात्र सकाळी उठताना धरलेले असायचे. बोटं वळायची नाहीत. गेल्या पावसाळ्यात न्हाणीच्या उंबऱ्यावर पाय घसरला, तिनं उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडावं याचं कुणाला नवल वाटलं नाही. वय झालं, म्हणाले सगळे. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट जरा वाकडंच राहिलं होतं. धनुबाई रोज कणकेचा गोळा घेऊन ते मनगट फिरवत बसायची, कारण रुचिकाचं आता खरोखरच जमलं होतं. मुलगा शिरपूरकडचा होता आणि लग्न वैशाखात होतं.

लग्नाला तीन आठवडे राहिले तेव्हा तिनं हात बघायचा ठरवला. सून बाजारात गेली होती, दोधू बागेत. ओसरीच्या कोपऱ्यात खापर पालथं पडलं होतं. त्याला हात लावायची दोधूची मनाई होती, पण आपल्याच खापराला हात लावायला परवानगी कसली, असं म्हणत ती वाकली आणि तिनं ते उचललं. पाठीत काडी मोडावी तसा आवाज झाला. तो तिनं कानांनी ऐकला. खापर हातातून सुटून फुटलं आणि ती त्याच्या तुकड्यांशेजारी बसली ती उठलीच नाही. सून आली तेव्हा धनुबाई ओरडतही नव्हती, नुसती तोंडानं श्वास घेत होती.

शहाद्याला हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. पाठीचे दोन मणके दबून चपटे झाले होते. फोटो पुन्हा एकदा उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "सुरतचे जुने कागद आणा. सगळे."

कागद आणायला रुचिका गावी गेली. फाइल ट्रंकेत होती. फाइलच्या खाली आजोबांचा लग्नातला काळा कोट होता, आणि वरातीत त्यांना हा शोभेल का म्हणून तिनं तो सहज उचलला. आतल्या खिशात चार चिठ्ठ्या होत्या, चौघड्या घातलेल्या, एकीवर एक. दर वर्षाची एक. चारही चिठ्ठ्यांवर इंग्रजीत एकच ओळ होती, हाडांची घनता तपासून रिपोर्ट आणा. खाली डॉक्टरांची सही होती आणि शेवटच्या दोहोंवर त्या ओळीखाली दोन-दोन रेघा मारलेल्या होत्या.

शहाद्याला परत येऊन, धनुबाईच्या खाटेशी उभं राहून रुचिकानं त्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "आजी, बाकीच्या तपासण्याही झाल्या, तुमच्या हाडांत कॅन्सर नाही. तो कुठेच नाही. या गोळीनं कॅन्सर दूर ठेवला, पण या गोळीनं हाडं विरळ होतात, म्हणूनच ही तपासणी लिहिली होती. वेळेवर झाली असती तर इंजेक्शन होतं, कॅल्शियम होतं. चाला, उन्हात बसा, असं सांगितलं असतं. आता पट्टा लावायचा. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही."

"मांडा करता येवाव नही?" धनुबाईनं विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. रुचिकानं मान खाली घातली.

दोधू दारात उभा होता, टोपी हातात. "सुरतना डॉक्टर बोलनात, हाडेस्नी तपासनी," तो म्हणाला. "माले पुढलं काही ऐकाले उनंच नही. फुलवंताना फोटो डोयासमोर उना. म्हनं, तपाशीच नही तर सापडावच नही. दर साल मी सांगू, कापूस निंघी जाऊ दे साहेब, मंग करसू." मग बायकोकडे बघून म्हणाला, "तू मरी जाशी म्हनीसन मी भ्यायनू, धनु."

 राग यावा म्हणून धनुबाईनं वाट पाहिली. तो आला असता तर बरं झालं असतं, काहीतरी धरायला मिळालं असतं. पण हा माणूस चार वर्षं तिच्या हातातून कळशी काढून घेत होता, आणि त्याच हातांनी त्यानं चिठ्ठ्या खिशात कोंबल्या होत्या. यातलं एक ठेवून दुसरं टाकायचं कसं, हे तिला समजेना. "मी तर जित्तीच व्हती," ती एवढंच म्हणाली. "माले एकदाव इचारी तर लेतात."

लग्न ठरल्या दिवशी झालं. मांडे करायला नंदुरबारहून बायका आणल्या. मागच्या अंगणात त्यांच्या चुली पेटल्या, आणि धनुबाई आतल्या खोलीत, पट्ट्यात आवळलेली, छताकडे बघत पडून राहिली. उंडा हातावर आपटल्याचा आवाज ती मोजत होती. फार जोरानं आपटतात, तिला वाटलं. सुनेनं एक मांडा ताटात घालून आणला. तो जाड होता. तिनं चिमटीएवढा मोडून तोंडात घातला, चांगला झालाय म्हणाली आणि ताट परत दिलं. दोधू दिवसभर त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसून होता. आत यायचं त्याला धाडस होत नव्हतं आणि तिथून उठवतही नव्हतं. तिनं त्याला आत बोलावलं नाही.

दुपार कलल्यावर रुचिका निघाली. शालूत, मळवट भरलेली, रडून डोळे सुजलेली, ती आधी आजीच्या खोलीत आली. खाटेपाशी गुडघे टेकले आणि सवयीनं दोन्ही हात पसरून आजीवर झुकली.

धनुबाईनं वाकड्या मनगटाचा हात वर करून तिला अडवलं. "दूरथीन, पोरी," ती म्हणाली. "माले धरू नको. मोडी जासू."

रुचिकाचे पसरलेले हात तसेच राहिले. मग तिनं ते मागे घेतले, खाटेच्या काठाला कपाळ टेकवलं आणि उठली. तिच्या शालूवर कुठेही पीठ लागलं नव्हतं.