एका कानाचे पैसे

"कितीऽ?" असं विचारत मामा उजव्या कानामागं हात धरायचे आणि पुढं वाकायचे. भाजीवाली आधी चाळीस सांगायची, दुसऱ्यांदा विचारलं की पस्तीसवर यायची. "बघा भाऊ," मला हळूच म्हणायचे, "बहिऱ्याला महागाई जरा कमी ऐकू येते."

वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर होतो. मी ऑफिसात, ते प्रेस शॉपमध्ये. पत्रा दाबणाऱ्या मशिनींच्या धडधडाटात त्यांची सगळी नोकरी गेली. राहायलाही आम्ही एकाच गल्लीत. सगळे त्यांना मामा म्हणत. तुम्ही त्यांना बाजारात पाहिलं असतं, तर तुम्हालाही वाटलं असतं, हा माणूस सोंग करतोय.

रिटायर झाल्यावर एकदा मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्न त्यांना ऐकूच आला नाही. थोडक्यात वाचले. मामींनी मला बोलावून घेतलं. "यांना कानाचं मशीन बसवून आणा. ओरडून ओरडून माझा घसा गेला."

औरंगपुऱ्यातल्या दुकानात गेलो. मामांनी घरूनच ठरवून आणलं होतं, चार-पाच हजार, लई झालं तर सहा. कान तपासून झाले. काउंटरवरच्या मुलीनं आकडा सांगितला. मामांचा हात कानामागं गेला. या वेळी सोंग नव्हतं.

मला ओरडावं लागलं. "अठ्ठावीस हजार!" सगळं दुकान वळून बघायला लागलं.

मामांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "दोन्ही कानांचे मिळून जास्तच हायत."

"काका, हे एका कानाचे," मुलगी म्हणाली.

हे मला ओरडवेना. मी नुसतं एक बोट वर केलं.

"एका कानाचे?" ते उठलेच. "मोटरसायकल घेतली तर दोन्ही चाकं त्याच पैशात देतात की!"

दुकानातले हसले. मामा हसत नव्हते. जिना उतरताना म्हणाले, "कान कारखान्यात गेला, अन् पैसे मी भरू?"

म्हणून कारखान्यातही जाऊन आलो. गेटवर ताटकळल्यावर एका अधिकाऱ्यानं सांगितलं, वयानं होतं असं.

"काय म्हणला?" मामांनी मला विचारलं.

"वय झालं म्हणतोय!"

"माझ्या लायनीवरचे सगळेच बहिरे हायत. सगळ्यांचंच वय झालं का?"

माझी नुसती चिडचिड होत होती. ओरडावं तर कुणावर, तेच कळेना.

शेवटी मामींनी भिशीचे पैसे काढले आणि एका कानाचं मशीन आलं. पण त्याला सेल लागायचे, ते भराभर संपायचे आणि त्यांचाही भाव ऐकून मामा हादरले. मग मशीन डबीतच राहू लागलं. "असं ठेवायचं होतं तर घेतलं कशाला?" मी वैतागून विचारायचो. ते हातानंच 'असू दे' म्हणायचे. फक्त रविवारी, पुण्याहून मुलीचा फोन यायच्या आधी, ते मशीन लावून ओट्यावर बसायचे. तेव्हा गल्लीत कुणी मोठ्यानं बोललेलं त्यांना चालायचं नाही.

गेल्या थंडीत मामा गेले. भेटायला गेलो, तर मुलगी म्हणाली, "बाबा फोनवर बोलायचेच नाहीत हो. 'तू बोल' म्हणायचे अन् गप्प. मला राग यायचा. नंतर नंतर मी दोन मिनिटांत ठेवून द्यायचे."

मामी आत चहा टाकत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अगं, तुझ्या फोनपुरतंच लावायचे ते मशीन. माझ्याशी तर आठवडाभर खुणांवरच भागवायचे."