मनोरमाबाईंच्या अंगणातला चोर

नरपडच्या मनोरमाबाई सावे यांचा चोरांवर फार जीव. डहाणूच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षे मानसशास्त्र शिकवले. त्या सांगत, माणसाच्या मनाच्या घरात तिघे नांदतात: मागेल ते आत्ताच हवे म्हणणारे हट्टी बाळ, ऊठसूट डोळे वटारणारा सासरा, आणि दोघांची समजूत घालता घालता मेटाकुटीला आलेली सून. ग्रंथांत त्यांना इदम्, पराहम् आणि अहम् म्हणतात. बाईंच्या वर्गात मात्र बाळ, सासरा आणि सूनच. सासऱ्याने बाळाला फार दिवस कोंडले, की एके दिवशी बाळ खिडकीतून उडी मारते, आणि त्या उडीला जग गुन्हा म्हणते. चोर सापडला की गाव विचारी, काय नेले? बाई विचारीत, याला लहानपणी काय मिळाले नाही? खडू चोरणाऱ्या एका मुलीला त्यांनी शिक्षा म्हणून महिनाभर शेजारी बसवून जेवू घातले. मुलीची चोरी सुटली. वजन तेवढे वाढले. लोणी चोरणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवणारी ही आपली भूमी, तिथे बाईंचे कुठे चुकले?

तर अशा या माउलीच्या अंगणातच यंदा होळीच्या तोंडावर चोर शिरला.

आधी मोडकी शिडी गेली. मग सागवानी बाक गेला. गंमत अशी, की बाकावरच्या कुंड्या चोराने उतरवून उंचीप्रमाणे ओळीत लावल्या होत्या आणि जागा झाडून काढली होती. बाई हरखल्या. असा चोर त्यांना पुस्तकातही भेटला नव्हता.

होळीसाठी लाकडे पळवणे हा या किनाऱ्यावरच्या मुलांचा जुना हक्क. ढिगावर पडलेले लाकूड कोणी परत मागत नाही. म्हणून बाईंचा मुलगा अनिकेत, मुंबईहून सुटीवर आलेला, आधी मुलांकडे गेला. त्यांनी होळीमातेची शपथ घेऊन सांगितले, की तुमच्या चिकूवाडीत आम्ही पाऊलही टाकले नाही. ही शपथ इथे कोणी खोटी घेत नाही. मग उरला वाडीचा राखणदार लक्ष्या, तलासरीकडच्या पाड्यावरचा, बारा वर्षे या चिकूंच्या सावलीत राहिलेला. विचारले तर तो मान खाली घालून गप्प. अनिकेतने निकाल दिला, उद्या संध्याकाळच्या बसने याने आपले गाव गाठावे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी लक्ष्याला चहा देऊन शास्त्रोक्त चौकशी आरंभली. लहानपणी आईची माया मिळाली का रे?

"आताही मिळते ना, बाई. परवाच पाठीत घातली तिने."

सिद्धान्त चहात बुडाला. पण पुढचे ऐकून बाईंनी कप खाली ठेवला. लेक चोर ठरल्याची बातमी त्या आईपर्यंत, म्हाताऱ्या बायजीपर्यंत पोचली होती, आणि कालपासून तिने भाकरीला हात लावला नव्हता.

बाई जड पावलांनी मागच्या पडवीत आल्या. तिथे झोपाळ्याची फळी नाहीशी झालेली. कड्या नीट गुंडाळून खुंटीला अडकवलेल्या. आणि खाली जमिनीवर एक चष्मा.

चष्मा वासुदेवरावांचा होता. वासुदेवराव म्हणजे बाईंचे यजमान, निवृत्त स्टेशनमास्तर, चाळीस वर्षांत रेल्वेची टाचणीही घरी न आणलेले गृहस्थ. बाईंच्या भाषेत, नखशिखान्त सासरा. बाई खुदकन हसल्या, मग तोंडाला पदर लावून हसल्या, मग भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. अपराधी मनाला शिक्षेची भूक लागते, ते स्वतःच आपल्या खुणा टाकत जाते, हे त्यांनी तीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. चष्मा विसरलेला नव्हता, ठेवलेला होता. पण आपण नाव घेतले, तर अनिकेत वडिलांना पाठीशी घालील, हेही त्या जाणून होत्या. कबुली त्याच मुखातून यायला हवी.

त्यांनी चष्मा यजमानांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि एवढेच म्हणाल्या, "पावणेपाचला लक्ष्या निघतो."

वेळापत्रकापुढे स्टेशनमास्तर कधी बसून राहिला आहे? वासुदेवराव उठले. दारात लक्ष्या गाठोडे घेऊन उभा होता.

"अनिकेत, शिडी मी नेली. बाकही मीच. फळी आज सकाळी."

मग बांध फुटला. वासुदेवरावांचे वडील कडक शाळामास्तर. चोरी ती चोरीच म्हणून दर होळीला मुलाला घरात कोंडायचे. यंदा मुले कुंपणाबाहेरून लाकूड मागून गेली, आणि सत्तर वर्षांचे बाळ खिडकीतून उडी मारून मोकळे झाले.

अनिकेत चक्रावला. "अहो बाबा, मग सरळ देऊन टाकायचं."

"दिलेलं लाकूड नको होतं मला. पळवायचं होतं."

"आणि एवढा बाक एकट्याने?"

लक्ष्या खाकरला. "दुसरं टोक माझ्याकडं होतं."

मग बोलला का नाहीस, असे सगळ्यांनी एकदम विचारले. तो लाजून म्हणाला, "मास्तर पळताना हसत होते. बारा वर्षांत कधी बघितलं नव्हतं. कसं सांगू?"

अनिकेतने त्याचे गाठोडे स्वतःच्या हाताने खाली ठेवले आणि त्याच्यापुढे हात जोडले. वासुदेवराव मात्र शिक्षा मागत उभे. बाई म्हणाल्या, ती द्यायचा अधिकार माझा नाही. आणि पावणेपाचची बस चौघांनी मिळून पकडली.

पाड्यावर बायजीने सगळे ऐकून घेतले. तिच्या तोंडी लहानथोर सगळे 'तू'च.

"एवढे केस पिकले नि बाक चोरतोस? वर माझ्या पोराला चोर म्हणवतोस? बस खाली. कान धर."

स्टेशनमास्तर अंगणात उकिडवे बसले, कान धरले. बायजीने मनसोक्त झापले, मग सुनेला हाक मारून भाकरी मागवली आणि जेवू लागली. जेवता जेवता तिने दोनदा "पुरे" म्हटले. पण वासुदेवराव कान सोडीनात.