भर हिवाळ्यातला आकडा

पाणी खात्यासाठी सव्वीस वर्षं विहिरी मोजणाऱ्या त्या माणसाला सगळे टेपकाका म्हणत. काम दिसायला सोपं. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, कठड्यावरून टेप आत सोडायचा, वर ओढून खडू कुठवर भिजला ते बघायचं आणि पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं. अशा एकतीस विहिरी, वर्षातून चार वेळा. काका मोजकंच बोलत, पण उन्हाळाभर पाणी पुरेल असं त्यांनी म्हटलं की लोक निर्धास्त होत.

त्यांची धाकटी बहीण नवऱ्यामागे लाँड्री चालवायची. मागच्या अंगणात विहीर, तिच्यावर मोटर, पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोठी मशिनं आणि हाताखाली दोन बायका. त्या वर्षी पावसाळा सरता सरता तिच्याकडे इस्पितळाच्या चादरी धुवायचं काम चालून आलं. होकार देण्याआधी तिने दादाला विचारलं. पाणी साडेतीन मीटरवर होतं, दरवर्षीसारखंच. दादाने खुशाल घे म्हणून सांगितलं.

पण त्या वर्षीचा सगळा पाऊस पंधरा दिवसांत धो धो कोसळून मोकळा झाला होता. असं पाणी मुरायच्या आत वाहून जातं. विहीर भरलेली दिसते, पण तिला आतून पुरवणारी ओल जमिनीत नसते. भर हिवाळ्यात काका बहिणीच्या विहिरीवर गेले, तर टेप खाली खाली जातच राहिला. एरवी पाच मीटरवर लागणारं पाणी सातावर गेलं होतं. त्यांनी टेप पुसून पुन्हा सोडला. सातच. थंडी नावालाच पडली होती, मळेवाल्यांचे पंप महिनाभर आधीच सुरू झाले होते, हे त्यांना दिसत होतं. तरी मशिनं सकाळपासून चालू आहेत, म्हणून उतरलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. शेडमधून बहिणीने हातानेच विचारलं, तेव्हा ठीक आहे अशी मान हलवून त्यांनी सायकलवर टांग टाकली.

उन्हाळा निम्माही झाला नव्हता, तोच मोटर हवा ओढायला लागली आणि एका सकाळी जळाली. साबण लागलेल्या चादरींचे ढीग तसेच पडून राहिले. इस्पितळाने दोन दिवस वाट बघितली आणि काम दुसरीकडे दिलं. हाताखालच्या दोघींना बहिणीने जड मनाने घरी पाठवलं.

जो तो आभाळाला बोल लावत होता. काका गप्प बसले असते तरी कुणाला कळलं नसतं. पण तिसऱ्या दिवशी ते शेडमध्ये जाऊन उभे राहिले.

"मला हिवाळ्यातच दिसलं होतं. पाणी दोन मीटर जास्त उतरलं होतं."

बहीण बादलीभर पाण्यात चादर खळबळत होती. तिचे हात थांबले. "मग बोलला का नाहीस, दादा?"

"खुशाल घे, असं मीच म्हणालो होतो ना. शब्द मागे घ्यायची लाज वाटली."

ती चिडली नाही, हेच त्यांना जास्त लागलं. "तेव्हा कळलं असतं तर निम्म्याच चादरी घेतल्या असत्या," एवढंच ती म्हणाली. "त्या दोघींना तरी ठेवता आलं असतं." मग ती आत निघून गेली. पुढे दोन महिने ती त्यांच्याशी कामापुरतंही बोलली नाही.

काकांनी वेळापत्रक बाजूला ठेवून बाकीच्या तीस विहिरी पुन्हा मोजल्या आणि दारोदार जाऊन आकडे सांगितले. काहींनी पंप आवरते घेतले. एका मळेवाल्याने, आता सांगून काय उपयोग, असं तोंडावर सुनावलं. काका पुढच्या विहिरीकडे वळले.

पुढचा पावसाळा बरा झाला. पाणी चार मीटरवर आलं आणि बहिणीने निरोप पाठवून त्यांना बोलावलं. चादरी पुन्हा घेऊ का, असं तिने विचारलं.

"आज सांगता येणार नाही," काका म्हणाले. "दर आठवड्याला मोजतो. उतरायला लागलं की त्याच दिवशी तुझ्या कानावर घालतो."

तिने निम्म्या चादरी घेतल्या. दोघींपैकी धाकटी कामावर परतली. थोरली तोवर लेकीकडे राहायला गेली होती. बहीण दोनदा तिला आणायला गेली, पण ती आली नाही.