भरल्या टाकीची परीक्षा

इथे आखातात आमच्या घराखाली गॅरेज आहे. तिथले मिस्त्री चिपळूणकडचे. कुठलीही गाडी आली की आधी विचारतात, "गाडीनं मागे काही ओढायचंय काय?" मगच बॉनेट उघडतात.

माझा नवरा, म्हणजे आमचे हे, वाळवंटात उंटांसाठी गाडीमागे पाण्याची टाकी ओढून नेतात. गेल्या उन्हाळ्यात वाटेत इंजिन बसलं आणि हे दिवसभर उन्हात अडकले. आता कफील, म्हणजे ह्यांचा अरब मालक, नवी पिकअप घेणार होता. तिच्यात कुठलं इंजिन हवं ते ह्यांनी सांगायचं होतं. दोन्ही पेट्रोलचीच, एक लहान, एक मोठं. लहान कमी पेट्रोल खातं, म्हणून ह्यांना तेच हवं होतं.

मिस्त्रींनी ओळखीतून लहान इंजिनाची गाडी आणली, मागे भरलेली टाकी जोडली आणि आम्हा दोघांना बसवून भर दुपारी पुलाच्या चढावर घातली. वर पोचल्यावर मागे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही वर बसून रोज इंजिनं ऐकता. तुम्ही सांगा."

परक्यासमोर माझा आवाज फुटत नाही. तरी मी म्हणाले, "धापा टाकतंय."

हे हसले. "हिला काय कळतंय?"

"कळतंय की. मलाही तेच ऐकू आलं," मिस्त्री म्हणाले. "मोठं सांग कफीलला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन काढला.